बेपत्ता भावाची कारभारीण

९ फेब्रुवारी

दानियेरीला घरातून जाऊन आज सहा महिने पुरे झाले. ऑगस्टात दुकानासाठी छपराचे पत्रे आणायला तो कंपालाला गेला. दुपारी बायकोला एकदा फोन केला, आणि त्यानंतर फोनही बंद आणि माणसाचाही पत्ता नाही. पोलीस, इस्पितळं, शवागारं, सगळीकडे मी स्वतः फिरले. धाकटा असला तरी तो माझ्या हाताखाली वाढलेला. आई गेली तेव्हा रांगत होता.

मसाकातलं लोखंडी सामानाचं दुकान, किटुंगो गावातलं घर, कॉफीची बाग, लॉरी, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. बँक कुणाला खात्याला हात लावू देत नाही. वकील म्हणतो, सहा महिने उलटले की घरातलं कुणीही कोर्टाकडे बेपत्ता माणसाच्या मालमत्तेचा कारभार मागू शकतं.

संध्याकाळी केमिरेंबे आली, दानियेरीची बायको. ती डोंगरातली, कबालेकडची. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आमची भाषा अजून खडे चावल्यासारखी बोलते. गुडघे टेकून बसली. मुलींच्या नात्याने तीही मला सेंगाच म्हणते, म्हणजे आत्या.

"सेंगा, अर्ज बायकोनेच केलेला बरा, असं वकील म्हणतो."

"वकिलाचं काय जातंय? त्याला फी मिळाली की झालं. कोर्टाला हिशेब द्यावा लागतो. कुठे चूक झाली तर तुरुंगात कोण बसणार, वकील?"

ती घाबरली. मग मी तिला नीट समजावलं की इतकी वर्षं शाळा चालवलेल्या बाईवर हे ओझं टाकलेलं सगळ्यांच्याच सोयीचं. तिला पटलं. जाताना माझे आभार मानून गेली. मला या उस्तवारीची हौस नाही, देव जाणतो.

२१ मार्च

हुकूम मिळाला. जांभळी गोमेसी, आमचा सणावाराचा पायघोळ पोशाख, नेसले होते, शाळेच्या निरोपसमारंभाची. केमिरेंबे जुनाच झगा घालून आली. सांगितलं असतं तर मी माझा एखादा दिला असता.

न्यायाधीशबाई तरुण आहेत, चष्म्यावरून बघतात. त्यांनी केमिरेंबेला विचारलं, तुमची काही हरकत? ती माझ्याकडे पाहायला लागली. बाई म्हणाल्या, माझ्याकडे पाहून बोला. तेव्हा ती "नाही" म्हणाली. येताना टॅक्सीत मी तिला एवढंच सांगितलं होतं की भांडण दिसलं तर कोर्ट सगळं सरकारच्या ताब्यात देईल आणि मुली अनाथाश्रमात जातील. असं होतंच असं नाही, पण होऊ शकतं.

मग बाईंनी मला चार गोष्टी सुनावल्या. कारभार म्हणजे मालकी नव्हे. बायको-मुलींचा खर्च आधी. शोध चालू ठेवायचा. माणूस सापडला की हुकूम संपला आणि तसं ताबडतोब कळवायचं. मी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलावत उभी राहिले. एवढ्या लहान पोरीकडून ऐकून घ्यायचं म्हणजे जिवावर येतं, पण भावासाठी तेही केलं.

२४ मार्च

दुकान उघडलं. दानियेरीची खुर्ची गल्ल्यामागे, जरा उंचावर आहे. बसले आणि सगळं दुकान एका नजरेत आलं. खिळे कुठे, रंगाचे डबे कुठे, कोण पोरगा काम करतोय, कोण नुसता उभा आहे. गिऱ्हाइकं आत आली की गुडघ्यात वाकून नमस्कार करतात. शाळा सुटल्यापासून कुणी असं केलं नव्हतं.

रेडिओवरच्या जाहिराती बंद केल्या. केमिरेंबे दर शनिवारी "दानियेरी सेबोवा, उंच, सावळा, कुणाला दिसल्यास" असं वाचायला लावत होती. ऐकणाऱ्याला वाटायचं, या घरात कर्ता कुणी नाहीच.

३० एप्रिल

किटुंगोचं घर भाड्याने दिलं. सहकारी पतपेढीचे साहेब आहेत, सभ्य कुटुंब. एवढं मोठं घर एका बाईने आणि दोन मुलींनी अडवून ठेवणं म्हणजे भावाचं नुकसान. केमिरेंबेला मागच्या बाजूला कॉफी साठवायची खोली झाडून दिली. छप्पर चांगलं आहे.

ती पलंग हलवू देईना. दारात आडवी उभी राहिली. "हा आमचा पलंग आहे, सेंगा. तो आला तर झोपेल कुठे?"

मी म्हटलं, "आला म्हणजे पाहू. रिकामा पलंग काय अंडी घालणार आहे?"

हमाल हसले. तिचं तोंड एवढंसं झालं. मला बोलायचं नव्हतं तसं, पण कुणीतरी व्यवहाराचं बोलायला हवंच.

पलंग मी माझ्याकडे आणलाय. तिथे वाळवी लागली असती.

१२ जून

नियम घालून द्यावा लागला. साबण, मीठ, रॉकेल, जे लागेल ते तिने शनिवारी दुकानात येऊन मागायचं. घरी येऊन नाही, कारण घरी मी दमलेली असते. आज आली तेव्हा गिऱ्हाईक होतं, म्हणून बाकावर बसवून ठेवली. दुपार कलली. मग म्हणाली, अंगावरचं कापड हवंय, मोठीला आता लाज वाटते. मोठी म्हणजे नांतेझा, बाराची झाली. एवढ्या माणसांत असलं काही बोलायचं का? मी कापड दिलं, पण शिकवणही दिली.

चांगली गोष्ट अशी की बाग बहरलीये. मी खत घातलं, माणसं बदलली. दानियेरी असता तरी एवढी निगा झाली नसती. तो मनाने मऊ. कुणीही यावं आणि उधारीवर सिमेंट न्यावं. आता ते नाही.

२ जुलै

चोरी पकडली. केमिरेंबेने बागेतली दोन पोती कॉफी परस्पर व्यापाऱ्याला विकली. विचारलं तर म्हणते, धाकटीला मलेरिया झाला होता, शनिवारपर्यंत थांबता येत नव्हतं.

मी हे घरात दाबून ठेवू शकले असते. पण मी कारभारीण आहे, माझी जबाबदारी कोर्टाशी आहे. म्हणून गावच्या चेअरमनला, काटेंडेला सांगितलं. त्याने फणसाच्या झाडाखाली माणसं जमवली. केमिरेंबेला मधे बसवलं. काटेंडे गमत्या माणूस. म्हणाला, "डोंगरातल्या बकऱ्या मळ्यात सोडल्या की असंच होतं." सगळे हसले. ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"सेंगा, एक विचारू?"

"विचार."

"तो आज आला, या रस्त्याने चालत आला, तर तुम्हाला आवडेल का?"

असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी उठून आले.

५ जुलै

गेली. परवा पहाटेच्या बसने, धाकटीला पाठीला बांधून, कबालेला भावाकडे. नांतेझालाही नेत होती. काटेंडेने बस थांबवून मुलीला खाली उतरवलं, मीच निरोप पाठवला होता. मुलं बापाच्या कुळाची असतात. धाकटी अजून दूध पिते, म्हणून तेवढी जाऊ दिली.

नांतेझा दोन दिवस जेवली नाही. आज जेवली. मुलं अशीच असतात. पुढच्या सत्रापासून तिला वसतिगृहात घालणार आहे.

घर शांत झालं.

१८ सप्टेंबर

कॉफीला यंदा भाव चांगला आहे. लॉरीला नवीन रंग दिला, बाजूवर "सेबोवा हार्डवेअर" असं पिवळ्या अक्षरांत. वकील म्हणतो, आणखी काही वर्षं गेली की कोर्ट त्याला मृत मानू शकतं, मग वाटणीचं बघता येईल. मुलगा नाही, बायको निघून गेलेली. म्हणजे कुळाकडे, म्हणजे पर्यायाने माझ्याकडेच येईल. मी त्याला गप्प केलं. भाऊ जिवंत आहे अशीच माझी श्रद्धा आहे. चर्चमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना लावली आहे, दर महिन्याची.

४ ऑक्टोबर

काटेंडे दुकानात आला. नेहमीसारखा हसला नाही. कंपालाच्या कडेला वेड्यांचं इस्पितळ आहे, तिथून त्याला फोन आला होता. मिस अचेंग नावाची कुणी उत्तरेकडची मुलगी तिथे रुग्णांची घरं शोधायचं काम करते. त्यांच्याकडे एक माणूस आहे. मागच्या वर्षी ऑगस्टात त्याला मारून, लुटून रस्त्याकडेला टाकलेलं होतं, डोक्याला मार. वर्षभर तोंडातून शब्द नाही. आता एकच शब्द म्हणतो: किटुंगो.

"केमिरेंबेला कळवायचं का?" काटेंडेने विचारलं.

मी म्हटलं, आधी बघून येऊ. बिचारीला उगाच आशा लावायची आणि मग मोडायची, हे पाप कोण घेईल?

५ ऑक्टोबर

जाऊन आलो. तो नव्हता.

६ ऑक्टोबर

काल लिहायला त्राण नव्हतं. प्रवासाने पाठ धरली.

नीट नोंद ठेवलेली बरी. दानियेरी भरलेल्या अंगाचा होता, हा हाडांचा सापळा. दानियेरीचे पुढचे दात होते. दानियेरी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायचा, हा भिंतीकडे तोंड करून बसलेला, कमरेला कुणाचीतरी पँट, दोरीने बांधलेली. मिस अचेंगने त्याचा खांदा हलवून सांगितलं, बघ, तुला भेटायला कोण आलंय. त्याने मान वळवली. बराच वेळ बघत राहिला. मग उठला, माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसला आणि माझ्या गोमेसीच्या कमरपट्ट्याचं लोंबतं टोक मुठीत धरलं.

दानियेरी लहानपणी तसं करायचा. बाजारात, चर्चमध्ये, मी शाळेत शिकवत असताना सुद्धा. पण सगळीच मुलं करतात. आणि वेड लागलेला माणूस लोंबणारं काहीही धरतो.

मिस अचेंग म्हणाली, "हाच का तुमचा भाऊ?"

मला दिसलं ते सांगते. मला दुकान दिसलं आणि त्या उंच खुर्चीवर हा बसलेला, लाळ गळणारा, आणि गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसतायत. माझा भाऊ तसा बसला नसता. माझ्या भावाची इज्जत होती. ती सांभाळायलाच मला कोर्टाने नेमलंय.

मी म्हटलं, "नाही."

पट्टा सोडवायला वॉर्डातल्या माणसाला बोलवावं लागलं. एकेक बोट उघडावं लागलं.

काटेंडे सगळा वेळ दाराशी उभा होता. परतीच्या वाटेवर लुकायाला गाडी थांबवली. तिथे भाजलेलं मांस घेतलं, पैसे मी दिले. खाता खाता म्हणाला, "मॅडम, तुम्ही सख्खी बहीण. तुम्ही म्हणाल तेच खरं."

९ ऑक्टोबर

नांतेझाने विचारलं, सेंगा, तुम्ही त्या दिवशी कुठे गेला होतात? मी म्हटलं, एका आजारी माणसाला भेटायला. बरा आहे का तो? म्हटलं, नाही. म्हणाली, मग मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. चांगली सवय लागतेय तिला.

२० ऑक्टोबर

काटेंडेला बागेचा रस्त्याकडेचा तुकडा हवाय, पोराला टपरी टाकायला. विकता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. त्याने सुचवलं, विकू नका, नुसतं वापरू द्या. म्हणाला, "गेल्या महिन्यात असतं तर मी मागितलं नसतं, मॅडम." याचा अर्थ मला लागला नाही. दिला तुकडा. गावाशी संबंध चांगले ठेवावे लागतात.

११ नोव्हेंबर

मिस अचेंगचा फोन. तिच्या मनातून ते जात नाही म्हणे. किटुंगो हा एकच शब्द त्याने कुठून आणला? मी म्हटलं, किटुंगो नावाची गावं अनेक असतील. मग तिने विचारलं, "तुमचं कूळ कोणतं?"

मी सांगायला नको होतं. पण कुळाबद्दल खोटं कसं बोलायचं? म्हटलं, अळंबीचं. आमच्या कुळातला माणूस अळंबी खात नाही, उपाशी मरायची वेळ आली तरी नाही.

तिने मला पुन्हा एकदा कूळ विचारून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, हा माणूस पुढ्यात येईल ते खातो. पण पावसाळ्यात स्वयंपाकघरात अळंबीचं कालवण झालं, तर ताट सरकवून देतो. दोनदा पाहिलंय मी. कोर्टाला कळवावं म्हणते, त्यांनाच ठरवू दे. आणि त्यांच्या पत्नीचा नंबर असेल तर द्या."

मी म्हटलं, घाई करू नका. मी येते. मीच खात्री करून देते.

संध्याकाळभर प्रार्थना केली. या देशात अळंबी न खाणारी किती माणसं असतील. आमच्याच कुळाची हजारो. कुणाला तर ती नुसती आवडत नाही.

१९ नोव्हेंबर

काल जाऊन आले. एकटी.

अळंबी बाजारातून घेतली, छोटी पांढरी, वारुळावरची. माझ्या चुलीवर, माझ्या भांड्यात ती शिजवणं शक्य नव्हतं. भाडेकरूच्या बायकोला सांगितलं, पाहुण्यासाठी आहे. तिने शेंगदाण्याच्या कुटात छान शिजवून डबा भरून दिला. वर तिने उकडलेली केळी कुस्करून केलेला मटोके ठेवला. मी डबा हातात धरताना फडकं गुंडाळून धरला.

मिस अचेंगला म्हटलं, तुमच्यासमोरच होऊ दे. आमच्यातला असेल तर स्पर्श करणार नाही. केला तर मग तुम्ही तुमच्या मनातला किडा काढून टाका.

व्हरांड्यात बाकावर बसवलं त्याला. अंगावर जरा मांस चढलंय. मला पाहिलं आणि सरकून जागा केली. ताट पुढे ठेवलं. वास घेतला आणि ताट सरकवलं, हळूच, सांडू न देता. मिस अचेंगने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, हाताने जेवायची सवय सुटली असेल. आणि फडकं बोटांना गुंडाळून एक घास केला, त्याच्या तोंडाशी नेला. म्हटलं, खा.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं.

चावून गिळला. मग त्याने ताटातून आपल्या हाताने एक घास उचलला, नीट गोळा केला आणि माझ्या तोंडासमोर धरला. दानियेरीही लहानपणी मी एक घास घेतल्याशिवाय जेवत नसे, ते आठवलं. पण ती आठवण इथे लावण्याचं काही कारण नाही.

मिस अचेंग समोरच होती. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "आमच्यात चालत नाही."

त्याचा हात तसाच राहिला. त्याने त्या घासाकडे पाहिलं, अळंबीकडे. मग माझ्याकडे. असं कुणी माझ्याकडे पाहिलेलं नाही, आणि मी शाळेत खूप मुलांना शिक्षा केलेल्या आहेत. मग त्याने तो घास स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा. सगळं संपवलं, सावकाश, एकेक घास, माझ्यावरची नजर न काढता. शेवटी बोटाने ताट पुसून चाटलं आणि रिकामं ताट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं. घरातल्या वडीलधाऱ्याला देतात तसं.

भूक लागली असेल.

मिस अचेंगचे डोळे ओले झाले होते. माझी माफी मागितली तिने. म्हणाली, तुम्हाला उगाच त्रास दिला, मला वाटलं होतं याचं घर सापडलं. मी म्हटलं, तुमचं काम चांगलं आहे, करत राहा. इथे जागा कमी पडते, म्हणून त्याला आता उत्तरेकडच्या एका आश्रमात पाठवणार आहेत. नाव लागतं, म्हणून तिने तिच्या भाषेतलं एक नाव दिलंय. मला उच्चार जमला नाही.

फाटकापर्यंत तो मागे आला नाही. मी एकदा वळून पाहिलं तर बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो शब्दही पुन्हा म्हणाला नाही.

डबा नाल्यात टाकला. भाडेकरणीला नवा घेऊन दिला.

२६ नोव्हेंबर

केमिरेंबेचा फोन, कबालेहून. वर्ष उलटून गेलं, काही कळलं का त्यांचं? मी म्हटलं, कळलं असतं तर तुला सांगितलं नसतं का? ती रडायला लागली. मी तिला धीर दिला. म्हटलं, मी शोध थांबवलेला नाही, कोर्टाला तसं लिहूनही देते.

उद्या पत्र्यांचा नवा माल येतोय. लवकर उठायला हवं.